पोस्टरच आहे, पण खालची पट्टी बघा

नमस्कार.

युद्धकाळातल्या लढाऊ विमानांच्या, वैमानिकांच्या सह्या असलेल्या लिमिटेड एडिशन प्रिंटवरच्या आमच्या लेखाखाली तुम्ही चांगलं खरमरीत लिहिलंत. इतर वाचकांसाठी त्याचा गोषवारा आधी देतो. हा सगळा ऑफसेटवर छापलेल्या पोस्टरांचा धंदा आहे ("पोस्टरला पाच आकडी पैसे मोजायचे काय ओ?"). 'लिमिटेड' ही निव्वळ धूळफेक. पेन्सिलीची सही कुणीही ठोकून देईल. सोलापूरच्या उन्हाळ्यात कागद टिकत नाही. पुरावा म्हणजे तुमच्या काकांनी १९८८ मध्ये इंग्लंडहून आणलेली स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाची प्रत, फ्रेमवाल्यानं हार्डबोर्डला चिकटवलेली आणि आता निळी पडलेली. त्यावर सही डग्लस बेडर या ब्रिटिश वैमानिकाची, आणि बेडर तर १९८२ लाच गेला, म्हणजे काका फसले. शिवाय जाता जाता टोला: इंग्रज-जर्मनांची विमानं आपल्या भिंतीवर हवीत कशाला?

पहिल्या मुद्द्यावर भांडण नाही. पोस्टरच आहे. चार रंगांत छापलेलं चित्र भिंगाखाली धरलं की ठिपक्यांची फुलं दिसतात, रविवारच्या पुरवणीत दिसतात तशीच, फक्त बारीक. कॅनव्हासवरच्या जिक्ले प्रती इंकजेटच्या. त्यांत फुलं नसतात, ठिपके विस्कटलेले असतात. कस्टमसुद्धा तुमच्याच बाजूनं आहे. टॅरिफमधलं ९७०२ हे शीर्षक कलावंतानं स्वतःच्या हातानं केलेल्या प्लेटवरून थेट काढलेल्या छापांसाठी आहे. यांत्रिक किंवा फोटोच्या पद्धतीनं निघालेल्या छापांना तिथे जागा नाही, ते ४९११ खाली छापील चित्रांत मोडतात. परदेशातला विक्रेता हौसेनं फॉर्मवर 'मूळ कलाकृती' लिहितो आणि पार्सल अडकतं. त्याला 'छापील चित्र' असं लिहायला सांगा, खरं बिल आत-बाहेर दोन्हीकडे लावायला सांगा, आणि 'भेटवस्तू' लिहून पैसे वाचवायच्या भानगडीत पडू नका.

तेव्हा चित्रासाठी पैसे मोजूच नका. मोजायचे ते चित्राखालच्या दोन-अडीच इंची पांढऱ्या पट्टीसाठी. तिथे प्रतीचा आकडा, चित्रकाराची सही आणि त्या विमानात बसून लढलेल्या माणसाची पेन्सिलीतली सही असते. ती नसेल तर पोस्टरचे द्यायचे तेवढेच पैसे द्या. काय घ्यायचं, काय तपासायचं, फ्रेमवाल्याला काय बजावायचं, हे सगळं त्या पट्टीवरून ठरतं.

'लिमिटेड'वरचा तुमचा राग अर्धा बरोबर आहे. कोपऱ्यातला २१४/५०० हा आकडा पूर्ण हिशेब सांगत नाही. त्याच चित्राच्या आर्टिस्ट्स प्रूफ, म्हणजे ए/पी लिहिलेल्या प्रती वेगळ्या. प्रकाशकाच्या प्रूफ प्रती वेगळ्या. समासात चित्रकारानं हातानं छोटं विमान रेखाटून दिलेल्या रिमार्क प्रती वेगळ्या. जास्त सह्या घेऊन निराळी आवृत्ती काढली की तिचा आकडा पुन्हा एकपासून सुरू, आणि मागाहून कॅनव्हास निघतो तो आणखी निराळा. प्रमाणपत्रावर किंवा प्रकाशकाच्या यादीत हे सगळे आकडे असतात. त्यांची बेरीज करा आणि मग 'पाचशेच आहेत' या वाक्याची किंमत ठरवा. लहान नंबरला जास्त पैसे मागणाऱ्याला तर सरळ नमस्कार करा. एचिंगमध्ये तांब्याची प्लेट छपाईगणिक झिजते, म्हणून पहिल्या प्रती ठळक. ऑफसेटमध्ये सगळा गठ्ठा एका दमात निघतो आणि आकडे नंतर टेबलावर बसून टाकले जातात. तिसऱ्या आणि चारशे नव्वदाव्या प्रतीत कागदाचा, शाईचा काडीचाही फरक नसतो.

आता सही. ती कुणीही ठोकेल, हे म्हणायला सोपं आहे. सराफाकडे असतं तसं दहापट भिंग आणि मोबाईलचा टॉर्च घ्या. टॉर्च कागदाशी जवळजवळ आडवा धरून उजेड बाजूनं पाडा. खरं ग्रॅफाइट राखाडी चमकतं. भिंगातून बघितलं तर ते कागदाच्या तंतूंच्या उंचवट्यांवर बसलेलं असतं, मधल्या खळग्यांत पांढरं राहिलेलं असतं, आणि हात दाबला गेला तिथे बारीक चर पडलेली असते. छापील सहीला ना चमक ना चर, वर ठिपके दिसतात. (चित्रातच, विमानाखालच्या ढगात किंवा गवतात चित्रकाराची छापील सही असते ती वेगळी. ती प्रत्येक पोस्टरवर असते. तिला भुलू नका.)

हातानं केलेली नक्कल ओळखायला रेघेचा वेग बघावा लागतो. शेकडो प्रतींवर सह्या करणारा माणूस झरझर जातो: सुरुवात बारीक, मध्ये दाब, शेवट हवेत उडालेला. नकलाकार सही काढत बसतो, म्हणून दाब सगळीकडे सारखा, टोकं बोथट, अवघड वळणावर पेन्सिल थबकल्याची खूण. नुसती थरथर दिसली म्हणून खोटी म्हणू नका. सह्या करताना यातले बरेच जण ऐंशी-नव्वदीत होते. म्हाताऱ्या हाताची थरथर वेडीवाकडी असते, नकलेतली एकसारखी.

दुसरी चाचणी फुकटातली. त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या प्रतीच्या सहीचा फोटो मिळवा आणि मोबाईलवर एकावर एक ठेवून बघा. ठेवण आणि आकार साधारण जुळायला हवा, पण तंतोतंत जुळता कामा नये. जुळलाच तर सही छापलेली आहे किंवा सही गिरवणाऱ्या ऑटोपेन यंत्राची. कुठलाही माणूस तीच सही दोनदा करत नाही.

तिसरी चाचणी कॅलेंडरची, आणि इथेच तुमच्या काकांवर अन्याय झालाय. बेडर वारले ५ सप्टेंबर १९८२ रोजी, हे बरोबर. अशा प्रतींवर सह्या दिसणारे इतर वैमानिक: जर्मन एरिक हार्टमन १९९३ मध्ये गेले, जर्मन अॅडॉल्फ गालांड १९९६, ब्रिटिश जॉनी जॉन्सन २००१, जर्मन गुंटर राल २००९. पण ही सालं पडताळायची ती प्रकाशनाच्या सालाशी, खरेदीच्या नव्हे. चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत कॉपीराइटचं साल छापलेलं असतं. ते १९८२ किंवा त्याआधीचं निघालं तर बेडरची सही असायला काहीच हरकत नाही; प्रत दुकानात पडून राहिली आणि काकांनी १९८८ मध्ये घेतली, इतकंच. साल १९८३ किंवा त्यानंतरचं असेल तर मग विचारा, गेलेल्या माणसाची सही आली कुठून?

त्याची प्रामाणिक उत्तरं दोनच. एक, आधी सह्या करून ठेवलेल्या कोऱ्या कागदावर मागाहून छपाई झाली. दोन, वेगळ्या कार्डावरची सही चित्राखाली माउंटला, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीला, खिडकी कापून बसवली. दोन्हींत लबाडी नाही, मात्र प्रमाणपत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि कार्डवाल्या प्रतीचा भाव कमी हवा. १९४० च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन'मधले, म्हणजे ब्रिटनच्या आकाशात जर्मनांशी झालेल्या लढाईतले, शेवटचे हयात वैमानिक पॅडी हेमिंग्वे १७ मार्च २०२५ रोजी गेले. त्या लढाईच्या नव्या प्रिंटवर तिथल्या वैमानिकाची सही दिसली, तर ती या दोन प्रकारांतली किंवा खोटी. चौथा पर्याय उरलेला नाही.

प्रमाणपत्राबद्दल एवढंच: ते प्रकाशकाचं हवं, विक्रेत्यानं घरच्या प्रिंटरवर काढलेलं नको. त्यावरचा प्रतीचा नंबर आणि प्रिंटवरचा नंबर एक हवा. सह्या करणाऱ्यांची नावं मोजा. प्रिंटवर पाच आणि कागदावर चार असतील तर पाचवी मागाहून घेतलेली आहे आणि तिला तिचा स्वतःचा पुरावा लागेल.

उन्हाळ्याकडे वळू. ऑफसेटच्या चार शाईंपैकी किरमिजी आणि पिवळी प्रकाशात आधी उडतात, निळी आणि काळी मागे राहतात. स्पिटफायरचा हिरवा-तपकिरी रंग जाऊन निळसर करडं विमान उरतं ते यामुळे. काकांची प्रत उन्हाळ्यानं नव्हे, खिडकीसमोरच्या भिंतीनं खाल्ली असणार. पण पट्टीकडे बघा. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. ते उन्हानं उडत नाही. पेन्सिलच वापरतात त्याचं एक कारण हे. स्केचपेनची सही एव्हाना पुसट झाली असती.

पेन्सिलीला भीती घासण्याची. नळीत गुंडाळून आलेली प्रत लगेच उलगडून हातानं सपाट करू नका. चार इंचांपेक्षा कमी व्यासाची नळी असेल तर कागदाला घट्ट वळण बसतं, ते सहजी जात नाही. विक्रेत्याकडून सपाट पॅकिंग मागा, टपाल महाग पडलं तरी. नळी आलीच तर एक दिवस घरात तशीच राहू द्या, मग चित्र वर करून पसरा आणि फक्त समासाच्या कोपऱ्यांवर वजन ठेवा, सह्यांच्या पट्टीवर काहीही नको.

आपल्याकडे कागदाची दुहेरी परीक्षा होते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर, हवा कोरडी, कागद आक्रसतो. मग ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत तोच कागद फुगतो. त्याला हलायला जागा हवी. चारी बाजूंनी चिकटवलेला कागद हलू शकत नाही, म्हणून त्याला लाटा येतात. माळा आणि स्लॅबखालची खोली प्रिंट ठेवायला बाद. पश्चिमेची भिंत बाद, ती रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. पावसात ओल धरणारी बाहेरची भिंतही बाद. खरं नुकसान मात्र फ्रेमच्या दुकानात होतं. तिथला ठरलेला प्रश्न, "लॅमिनेशन करून देऊ का?" एकदा 'हो' म्हटलंत की प्रिंट संपली. दुसरं संकट कटरचं: तयार फ्रेमचं माप जुळवायला समास कापतात, आणि समास म्हणजेच सह्या. तिसरं, पट्टीवर बोटाचा डाग दिसला की मदत म्हणून खोडरबर फिरवतात.

म्हणून चिठ्ठीवर लिहून द्या: कापायचं नाही, चिकटवायचं नाही, पुसायचं नाही. माउंटबोर्ड आम्लमुक्त, खिडकी इतकी मोठी की सह्या, नंबर आणि कॉपीराइटची ओळ पूर्ण दिसेल. प्रिंटला गोंद न लावता आम्लमुक्त कागदाच्या चार कोपऱ्यांच्या खोबणीत बसवा आणि प्रत्येक बाजूला दोन-तीन मिलिमीटर ढिली ठेवा. काच माउंटवर टेकते, प्रिंटला लागत नाही. माउंट नको असेल तर कडेनं स्पेसर, म्हणजे काच आणि प्रिंट यांत अंतर ठेवणारी पट्टी, हवीच, नाहीतर दमट दिवसांत शाई काचेला धरते. प्रिंट आणि हार्डबोर्ड यांच्यामध्ये आम्लमुक्त बोर्डाचा आणखी एक थर घाला, कारण हार्डबोर्डमधलं आम्ल वर चढतं आणि तपकिरी डाग पडतात. मागची बाजू कागदी टेपनं बंद करा, नाहीतर कसर आत शिरते. खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणं लावा म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा राहील. यूव्ही काच, म्हणजे अतिनील किरण अडवणारी, घेतली तर चांगलंच, पण ती रंग उडणं लांबवते, थांबवत नाही; खिडकीसमोर टांगायचा परवाना म्हणून ती घेऊ नका.

राहिला भिंतीवर कुणाचं विमान हा प्रश्न. महिंदरसिंग पुजी ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये हरिकेन ही लढाऊ विमानं उडवत होते. अर्जनसिंग १९४४ मध्ये इंफाळला हरिकेनच उडवणाऱ्या, भारतीय हवाई दलाच्या क्रमांक १ स्क्वाड्रनचे प्रमुख होते. १९७१ च्या युद्धातल्या आपल्या हवाई दलाच्या नॅट आणि हंटर विमानांची चित्रंही शोधता येतात. परकं वाटत असेल तर तिथून सुरू करा, पण तपासणीत सवलत देऊ नका. अर्जनसिंग यांना मार्शल ऑफ द एअर फोर्स हा हुद्दा २००२ मध्ये मिळाला आणि ते १६ सप्टेंबर २०१७ रोजी गेले. १९९० च्या दशकात सही केल्याचं सांगितलेल्या प्रतीवर सहीखाली तो हुद्दा दिसला तर सांगणारा खोटं बोलतोय.

काकांच्या प्रतीचं काय करायचं ते सांगतो. हेअर ड्रायर, वाफ, ओला फडका यांतलं काही करू नका. भिंतीवरून उतरवा, बाजूच्या उजेडात सह्यांचे जवळून फोटो काढा, कॉपीराइटचं साल वाचा. नंतर हार्डबोर्डसकट सपाट गुंडाळून कागदाच्या संवर्धनाचं काम करणाऱ्याकडे न्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे आधी विचारून बघा. जाणकार माणूस कागद बोर्डावरून ओढत नाही, बोर्डच मागच्या बाजूनं थर थर करत सोलत येतो. वेळ लागतो आणि खर्चही होतो, त्यामुळे आधी ते साल वाचा आणि मगच गाडीचं तिकीट काढा. साल आणि सहीचा फोटो इथेच खाली टाकलात तर बेडरच्या सहीबद्दल पुढचं बोलता येईल.