सायटिका, सूर्यनमस्कार आणि पंधरा दिवस पलंग: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

दिंडोरीहून तुम्ही लिहिलंत: “व्यायामाचा लेख वाचून मेव्हण्यानं सूर्यनमस्कार सुरू केले, आता कळ पार पोटरीत उतरली. शीर दबलेल्या माणसाला व्यायाम सांगणं म्हणजे आगीत तेल. आमचे डॉक्टर पंधरा दिवस पलंग सोडू नको म्हणतात.”

राग रास्त आहे, रोख मात्र चुकलाय. लेखात मी चालायला सांगितलं होतं, सूर्यनमस्कार घालायला नव्हे. एका नमस्कारात गुडघे ताठ ठेवून कमरेतून दोनदा वाकावं लागतं. सायटिका म्हणजे कमरेतून पायात जाणारी शीर दबून पायात उतरणारी कळ. दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) मागे सरकून त्या शिरेवर टेकलेली असेल, तर हाच बाक तिला आणखी मागे रेटतो आणि मांडीमागून जाणारी शीरही ताणली जाते. मेव्हण्यांची कळ उतरली ती बहुधा यामुळेच.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारतो: कळ कुठे सरकतेय? पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात अशी वर चढत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी चालू द्या. खाली उतरत असेल, तर ती हालचाल तिथेच बंद. पालथं पडून कोपरांवर छाती उचलणं गादीच्या दुखण्यात बऱ्याच जणांना मानवतं. पण साठीपुढच्या ज्या माणसाचे पाय चालताना भरून येतात आणि बसलं की मोकळे होतात, त्याची मणक्यातली नळीच अरुंद झालेली असू शकते. त्याला मागे वाकणं सोसत नाही. म्हणूनच व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘सायटिकाचे पाच व्यायाम’ व्हिडिओंवर माझा राग आहे.

आता पलंग. नेदरलँड्समध्ये १९९९ साली सायटिकाच्या १८३ रुग्णांवर हेच तपासलं गेलं. निम्म्यांना दोन आठवडे झोपवलं, बाकीचे जमेल तसे हिंडतेफिरते राहिले. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के लोकांना बरं वाटत होतं. म्हणजे झोपून काही जास्तीचं मिळालं नाही. कळ अगदीच असह्य असेल तेव्हा एखाद-दोन दिवस पडून राहावं, त्यात गैर काही नाही.

बांधावरून नको, सपाट डांबरी रस्त्यावर दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा चालू द्या. नाशकात आले तर गोल्फ क्लबचा ट्रॅक चांगला. पांडवलेणीच्या पायऱ्या एवढ्यात नकोत. पाठीवरचा फवारणी पंप, जमिनीवरून द्राक्षांचे क्रेट उचलणं आणि ट्रॅक्टरवर तासन्‌तास बसणं सध्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

लघवी अडली किंवा झालेली कळेना, शौचाच्या जागेभोवती बधिर वाटलं, तर व्यायामही नको आणि पलंगही नको. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

आज एवढं करा. मेव्हण्यांना भिंतीचा आधार देऊन आधी टाचांवर, मग चवड्यांवर चालायला लावा. दुखऱ्या पायाला जमत नसेल, पाऊल घसटत असेल किंवा चप्पल नकळत निसटत असेल, तर माझ्या उत्तराची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. जमत असेल तर चालल्यावर कळ वर गेली की खाली, ते लिहा. पुढचा व्यायाम त्यावरून ठरवू.