काकांनी दोन दिवस कोणाला सांगितलंच नाही

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे पत्रिकांचा पाऊस सुरू होतो. आता निम्म्या पत्रिका व्हॉट्सॲपवरच येतात. तासगावच्या माझ्या काकांना सोसायटीच्या ग्रुपवरच्या एका ओळखीच्या नंबरवरून अशीच एक आली. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' होतं. म्हणजे ती पत्रिका नव्हतीच, ते ॲप होतं. फोनने 'अनोळखी ठिकाणाहून इन्स्टॉल करू का' असं विचारलं, काकांनी हो केलं. मग त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. स्क्रीनवर काहीच उघडलं नाही. काकांना वाटलं फाइल खराब असेल, आणि ते झोपले.

दुसऱ्या दिवशी फोन हातात धरवेना इतका तापला. दुपारी पाहुण्यांचा फोन आला, "दादा, पत्रिका पाठवलीत, लग्न कोणाचं?" आपल्या नंबरवरून ती फाइल आपोआप पुढे जातेय, हे काकांना तेव्हाच कळलं होतं. तरी ते गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी खात्यातून 62 हजार गेले, तेव्हा काकूंनी मला फोन केला.

मी काकांना विचारलं, आधी का नाही सांगितलं? खाली बघत म्हणाले, "तुम्ही सगळे ओरडला असता."

आणि खरंच ओरडलो असतो. माझा चुलतभाऊ तर ओरडलाच, "एवढंही कळत नाही का तुम्हाला?" मला या वाक्याची आता चीड येते. चोराला हवा असतो तो वेळ, आणि तो त्याला आपल्या घरातली ही वाक्यं मिळवून देतात. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच तक्रार गेली, तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच गोठवता येतात. तिथून कोणी एटीएममधून काढून नेले की हात चोळत बसायचं. रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्येच तसं परिपत्रक काढलं होतं. चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचं, कळवण्याआधीचं आपलं. म्हणजे काकांच्या गप्प बसण्यातला तास न् तास त्यांच्याच खिशातून जात होता.

त्या दिवशी आम्ही काय केलं ते लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी फोन फ्लाइट मोडवर टाकला, वायफायही बंद. काकूंच्या साध्या बटणांच्या फोनवरून 1930 लावला, मग बँकेला सांगून यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग सगळं बंद करून घेतलं. बँकेचा नंबर पासबुकावरून घेतला, गुगलवर शोधला नाही, कारण तिथेही खोटे कस्टमर केअर नंबर बसलेले असतात. पाहुण्यांकडे गेलेल्या त्या फाइलचे आणि पैसे गेल्याच्या मेसेजचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवले. घाईत फोन फॉरमॅट मारला असता तर हा पुरावा गेला असता.

मग शोधाशोध. होम स्क्रीनवर त्या ॲपचं चिन्हच नव्हतं. सेटिंगमध्ये ॲप्सची सगळी यादी खाली खाली नेली तेव्हा एक ओळ सापडली. नाव कोरं, चित्र नाही, फक्त किती एमबी तो आकडा. 'अनइन्स्टॉल' फिकट पडलेलं, दाबलं तरी दाबलं जाईना. त्याने स्वतःला डिव्हाइस ॲडमिन करून घेतलं होतं, म्हणजे सहज काढता येऊ नये असा हक्क मिळवला होता. फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून टाकलेली ॲप्स बंद ठेवून, चालू केला (बऱ्याच ॲन्ड्रॉइड फोनवर 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो), ॲडमिनचा हक्क काढला, तेव्हा कुठे ते निघालं. तरीही भरवसा नको म्हणून फोनमधले घरचे फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन फोन रिसेट केला. पासवर्ड बदलले ते माझ्या लॅपटॉपवरून. त्याच फोनवरून बदलले असते तर नवेही चोराला दिसले असते. शेवटी ##002# लावून कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे आपले कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणं, बंद केलं.

कॉम्प्युटरवरची फसवणूक वेगळी असते. अचानक लाल स्क्रीन येते, भोंगा वाजतो, 'या नंबरवर फोन करा' म्हणतात, तिथे बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. ब्राउझर बंद करायचा, बस्स. फोन करून त्यांना एनीडेस्कचा (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप) नंबर दिला की खरा धोका सुरू.

ऑगस्ट 2025 मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याचे लग्नपत्रिकेच्या अशाच फाइलपायी दोन लाखांच्या आसपास गेले होते. सरकारी नोकरीतल्या माणसाचंही असं होतं. त्यामुळे कृपा करून याला अडाणीपणा म्हणू नका. ओळखीच्या नंबरवरून, लग्नसराईत, पत्रिका आली, तर कोण उघडणार नाही?

काकांचे 62 हजारांतले 18 हजार गोठवले गेले, बाकीचे गेले ते गेलेच. फोन परत चालू झाल्यावर काकांनी ग्रुपवर स्वतःच्या आवाजात मेसेज टाकला, "माझ्याकडून चूक झाली, माझ्या नंबरवरून आलेली पत्रिका कोणी उघडू नका." मला वाटलं होतं लोक हसतील. अर्ध्या तासात तिघांचे फोन आले. त्यातल्या एकाने ती फाइल चार दिवसांपूर्वीच उघडली होती, आणि घरी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं.