लिपस्टिकवर अंगठी घासण्याआधी

लग्नसराई आली की एक फॉरवर्ड फिरायला लागतो. यंदा तो मावशीनं पाठवला, म्हणून सवडीनं उत्तर लिहितेय. त्यातले दावे थोडक्यात असे: लिपस्टिकवर सोन्याची अंगठी घासा, काळी रेघ उठली तर त्यात शिसं आहे. त्वचेला लावलेलं साठ टक्के रक्तात जातं. पॅराबेननं (माल टिकावा म्हणून घालायचं प्रिझर्व्हेटिव्ह) स्तनांचा कॅन्सर होतो. ट्यूबच्या शेपटीवर काळा चौकोन असेल तर आत निव्वळ केमिकल. सबब, नैसर्गिक तेवढंच वापरा.

अंगठीपासून सुरू करू. लिपस्टिकमधल्या शिशानं सोनं काळं पडत नाही. लिपस्टिकच्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइडसारखे कण असतात, ते सोन्यापेक्षा कठीण. घासलं की अंगठीच झिजते आणि तिचा बारीक चुरा काळपट दिसतो. लिपस्टिकमध्ये शिसं असूच शकत नाही, असं मी म्हणत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेनं, ४०० लिपस्टिक तपासल्या, तेव्हा दहा लाख भागांत सरासरी १.११ आणि जास्तीत जास्त ७.१९ भाग शिसं निघालं. एवढं बारीक प्रमाण प्रयोगशाळेतच कळतं, अंगठीला नाही.

साठ टक्के रक्तात? मग मधुमेहाच्या पेशंटनी रोज सुई कशाला टोचून घेतली असती, इन्सुलिन चोळलंच असतं की दंडाला! साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठे रेणू धडधाकट त्वचेतून फारसे आत जात नाहीत. लहान रेणूंपैकीही किती आत जाईल ते पदार्थावर, जागेवर आणि त्वचा सोललेली आहे का यावर ठरतं. सगळ्यांना एकच टक्केवारी लावणं म्हणजे थाप.

पॅराबेनच्या भीतीचं मूळ २००४ च्या एका ब्रिटिश अभ्यासात आहे. स्तनांच्या २० गाठींमध्ये पॅराबेन सापडलं. पण शेजारच्या निरोगी पेशींत ते आहे का, हे त्यात पाहिलंच नव्हतं. आणि सापडणं म्हणजे कारण असणं नव्हे. युरोपनं २०१४ मध्ये पाच पॅराबेन बंद केली, मिथाइल आणि इथाइल ०.४ टक्क्यापर्यंत चालू ठेवली. गंमत पुढे आहे. ‘पॅराबेन-फ्री’च्या हट्टापायी कंपन्यांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह सढळ हातानं वापरलं आणि अ‍ॅलर्जीची लाट आली, इतकी की अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जन’ ठरवलं. आगीतून फुफाट्यात.

चौकोनाचं काय? पॅकिंगच्या मशीनला ट्यूब कुठे कापायची ते कळावं म्हणून ती खूण असते. विषय संपला.

आता नैसर्गिक. पारंपरिक सुरमा ज्या दगडापासून करतात तो गॅलिना, म्हणजे शिशाचंच खनिज, थेट जमिनीतून काढलेलं. यापेक्षा नैसर्गिक काय हवं? खरी मेंदी केशरी-तपकिरी रंगते. तासाभरात काळीभोर होणाऱ्या मेंदीत बहुतेकदा पीपीडी हा केसांच्या डायमधला रंग असतो, त्यानं हातावर फोड उठतात. आणि कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडलेल्या बायका आपल्या ओळखीत असतात. तो डाग टिकलीच्या गोंदातल्या रसायनाचा, कुंकवाचं पावित्र्य कमी झाल्याचा नव्हे.

माझा खरा राग वेगळाच आहे. एवढ्या लांबलचक फॉरवर्डमध्ये पाऱ्याचा उल्लेखच नाही! गोरं करणाऱ्या क्रीममधला पारा मेलॅनिन, म्हणजे त्वचेचा रंग, तयार करणाऱ्या एन्झाइमलाच अडवतो, म्हणून चेहरा आठवड्याभरात उजळतो. हाच पारा त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंडं बिघडवतो. केरळात कोट्टक्कलच्या एका रुग्णालयात २०२१ ते २०२३ या काळात मेंब्रेनस नेफ्रोपॅथीचे, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीच्या आजाराचे, २२ रुग्ण नोंदले गेले. त्यातल्या १५ जणांना आजाराचा एरवी विरळा असणारा प्रकार होता आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. आपल्याकडे अकोल्यातही एकाच घरातल्या आई आणि मुलींना असाच त्रास झाला होता. भारतात सौंदर्यप्रसाधनांत नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. फक्त डोळ्यांच्या प्रसाधनांना वेगळी मर्यादा आहे. डबीवर बनवणाऱ्याचं नाव आणि परवाना क्रमांकच नसेल, तर ही मर्यादा पाळली की नाही हे विचारायचं कोणाला?

दुसरी गफलत गोरेपणासाठी चोळल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या ट्यूबांची. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल महिनोन्‌महिने चेहऱ्याला चोळलं की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, आणि बंद केलं की आग उठते. २०१८ पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी ‘तीच दे, मागची’ म्हटलं की मिळतात.

आणि अंगठीचं सांगायचं राहिलंच. सोनं ज्याच्याशी झटकन एकजीव होतं तो धातू पारा. म्हणून अशा काही क्रीमवर ‘दागिन्यांना लावू नये’ असं लिहिलेलं असतं.

मावशी, तुझ्या पार्लरवालीनं गेल्या गणपतीत दिलेली ती पांढरी डबी अजून आहे ना? तिच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. आणि पायाला सूज येते म्हणत होतीस, तर लघवी तपासून घे, याच आठवड्यात.