ग्रिडवर बसवणं हा उपाय नाही

‘पारंपरिक तालवाद्यं इलेक्ट्रॉनिक ट्रॅकमध्ये घ्यायची तर आधी क्वांटाइझ करा, नाहीतर ती किकशी भांडतात,’ हा एका लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. क्वांटाइझ करणं म्हणजे प्रत्येक ठोका सॉफ्टवेअरच्या समान अंतराच्या ग्रिडवर सरकवून बसवणं; किक म्हणजे ड्रमचा खालचा, जड ठोका. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमध्ये जेंबे हा हाताने वाजवायचा ढोल वाजवतात, त्या वादनात मात्रेचे पोटभाग मुळातच समान नसतात. ती चूक नव्हे, तोच त्या तालाचा डोल आहे. ग्रिडवर खेचून बसवला की उरतो फक्त जेंबेचा आवाज, जेंबे जातो. मी उलट करते. वादकाचं रेकॉर्डिंग तसंच ठेवते, त्यातून ग्रूव्ह, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतरांचा साचा, काढून घेते (एबल्टन लाइव्ह या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहेच) आणि यंत्रातले हाय-हॅट (झांजा), शेकर (खुळखुळा) त्यावर चालवते. यंत्राने माणसामागे जावं.

आणि खरं भांडण बहुतेकदा वेळेचं नसतंच, खालच्या फ्रिक्वेन्सीचं असतं. तबल्याच्या डग्ग्याची घुमक आणि ८०८ या ड्रम मशीनचा लांब किक एकाच पट्ट्यात येतात, मग मनगट दाबून काढलेली मींड (सरकता स्वर) ऐकूच येत नाही. किक आखूड करा, डग्गा वाजेल तिथे बेस थांबवा. तबला आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र करणारे ब्रिटिश संगीतकार तलविन सिंग यांना १९९९चा मर्क्युरी पुरस्कार (ब्रिटनमधला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा) मिळाला, म्हणजे हे मिश्रण काही आजचं नाही. लेखात त्यांचा उल्लेखही नसावा, याचं वाईट वाटलं.