तलवार म्यानात राहू द्या, आधी पेटी उचला

'डीमन स्लेयर' या जपानी ॲनिमेशन मालिकेतल्या तांजिरोचा वेश करून काढलेले माझे फोटो टाकले आणि कमेंटमध्ये पुन्हा पुन्हा दोनच गोष्टी आल्या. 'तलवार का नाही उपसलीस?' आणि 'एडिट करून मागं बर्फ टाक की.' एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच लिहिते.

तांजिरो हा कोळसा विकणाऱ्या घरातला थोरला मुलगा. राक्षसाने घरच्यांना मारलं, बहीण नेझुको वाचली ती राक्षस होऊनच. राक्षसांना ऊन लागलं की खेळ खलास, म्हणून हा तिला दिवसा लाकडी पेटीत बसवून पाठीवर वाहतो. म्हणजे बाहेर, उजेडात तांजिरो उभा करायचा तर पेटी पहिली, तलवार नंतर. आणि ऊन म्हणजे काय हे सोलापूरकराला कुणी सांगायला नको. असलं आयतं ऊन सोडून मी खोटा बर्फ कशाला चिकटवू?

पेटी बहुतेकजण फोम शीटची करतात, मीही तीच केली. दिसायला झकास. पण रिकामी पेटी फोटोत लगेच उघडी पडते. पट्टे खांद्यावर सैल लोळतात, मान ताठ राहते, पोरगं सहलीला निघाल्यासारखं दिसतं. शेवटी मी आत दोन सोलापुरी चादरी घड्या करून कोंबल्या, उरलेल्या जागेत पाण्याच्या बाटल्या. पट्टा खांद्यात रुतला, कंबरेतून आपोआप पुढं झुकले, अंगठे पट्ट्याखाली गेले. आरशासमोर कितीही पोज दिल्या तरी हे जमत नव्हतं.

कपड्यांबद्दल विचारणाऱ्यांसाठी: ऑनलाइन मिळणारी पॉलिस्टरची हाओरी, म्हणजे तांजिरो वरून घालतो तो सैल जपानी अंगरखा, घेऊ नका. उन्हात चकाकते आणि अंगाला चिकटते ते वेगळंच. मी गणवेशाच्या सुती कापडाचे हिरवे-काळे चौकोन जोडून शिवली. गणवेशाच्या गावात राहून कापड बाहेरून मागवायचं म्हणजे कमालच. तो चौकडा कुणाच्या मालकीचाही नाही. मूळ कॉमिकच्या प्रकाशकांनी त्यावर ट्रेडमार्क मागितला होता, जपानच्या पेटंट कार्यालयाने 2021 मध्ये नाकारला, कारण नक्षी जुनी आणि सर्रास वापरातली. अठराव्या शतकात सानोगावा इचिमात्सू नावाच्या काबुकी (जपानी पारंपरिक नाटक) नटाने रंगमंचावर घातली आणि ती लोकप्रिय झाली. म्हणजे मुळात नटाचाच कपडा!

चेहरा गोरा करणारा फिल्टर मात्र मी लावणार नाही. कोळसेवाल्याचं पोर आहे ते, आणि मी सोलापूरची. कपाळावरचा डाग नीट आला पाहिजे एवढंच. घामाने तो ओघळतो, म्हणून शूट सकाळी नऊच्या आत उरकायचं. विगखाली डोकं शिजतं ते निराळं.

जागा हिप्परगा तलावाच्या काठची. वाळकं गवत, बाभळी, लांबवर पाणी. तिथं म्हशी घेऊन आलेले एक काका बराच वेळ बघत उभे होते.

'काय पोरी, नाटकाचं शूटिंग हाय का?'

'हो काका, जपानी नाटक.'

'आन् पेटीत काय?'

'बहीण. तिला ऊन चालत नाही.'

काका न हसता म्हणाले, 'मग सावलीत ठेव की तिला!'

सगळी सकाळ गेली, पण मला आणि सोबतच्या मैत्रिणीला हे सुचलं नव्हतं. पेटी बाभळीखाली ठेवली आणि मी तिच्या उन्हाकडच्या बाजूला पाठ टेकून बसले. तुम्ही सगळ्यात जास्त लाइक केलेला फोटो तोच आहे.

आता तलवार. ती होती, लाकडाची, गाडीवरून नेताना जुन्या धोतरात गुंडाळलेली. उगाच रस्त्यात कुणी अडवायला नको. पण म्यानातच ठेवली. मारामारी या मालिकेत सगळेच करतात. तांजिरो वेगळा पडतो तो मारून झाल्यावर. राक्षस मारणाऱ्यांच्या परीक्षेच्या डोंगरावर अनेक हातांच्या राक्षसाला मारतो आणि विरत चाललेला त्याचा हात आपल्या हातात घेतो. जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या डोंगरावर रुई नावाचा राक्षस संपताना त्याच्या पाठीवर हात ठेवतो. माझ्या मते तांजिरो करणाऱ्याने आधी हा हात शिकावा. तो उचललेला नको, टेकलेला हवा. बोटं सैल, नजर खाली. माझा अजून अर्धाच जमलाय. फोटोत मनगट कडक दिसतंय, बघणाऱ्याला कळेल.

पुढच्या वेळी सोबत झेनित्सू हवाय, तांजिरोचा पिवळ्या हाओरीतला रडका सोबती. पिवळं कापड माझ्याकडे पडून आहे, शिवूनही देईन. फक्त येणाऱ्याला चारचौघांत भोकाड पसरता आलं पाहिजे.