न्हाणीतल्या चुलीबद्दलही लिहायला हवं

घरातली लाकडाची चूल सुरक्षित कशी वापरावी, यावरचा एक लेख वाचला, तो उपयोगी आहे. धुराडं वर्षातून एकदा साफ करा, असं त्यात म्हटलंय. गोव्यात मात्र मृगाआधी एकदा आणि चतुर्थीच्या साफसफाईत पुन्हा झाडावं. पावसात लाकूड दमट होतं, नीट जळत नाही आणि आत डांबरासारखी काजळी धरते. ती पेटू शकते.

लेखात फक्त स्वयंपाकघर आहे. पेडणे-सत्तरीकडच्या जुन्या घरांत आंघोळीचं पाणी अजून न्हाणीतल्या भाणात, म्हणजे चुलीवरच्या मोठ्या भांड्यात, तापतं, आणि मला जास्त काळजी तिथली वाटते. खोली लहान, पावसाची झड म्हणून दार-खिडकी बंद, चुलीत नारळाची सोडणं (वरची सालं) धुमसताहेत. धूर दिसेनासा झाला की लोक निर्धास्त होतात. पण निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड येतच राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड झालं, मळमळलं, गुंगी आली तर आंघोळ अर्धी टाकून उघड्यावर यावं आणि 108 ला फोन करावा. कृपा करून म्हाताऱ्या माणसांना तिथे कडी लावून आंघोळीला बसू देऊ नका. छपराजवळचा झरोका प्लास्टिकने बुजवू नका.

काजूबियांची टरफलं चुलीत नकोतच, त्यांतल्या तेलाच्या धुराने डोळे आणि घसा जळतो. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढावी, चुडतांच्या (नारळाच्या झावळ्यांच्या) ढिगापासून लांब. तिच्यात निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतात.