पेडल निवडावं डोळ्यांनी

हाताने बनवलेलं पेडल, म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये जोडायचा, पायाने चालू-बंद करायचा, आवाज बदलणारा डबा, घ्यायचं तुमच्या मनात आलंय, म्हणजे तुम्ही गिटार वाजवण्याच्या पुढे गेला आहात. अभिनंदन! बोटं, ताल, सूर ही नवशिक्यांची दुखणी. तुम्हाला आता टोनची, म्हणजे आवाजाच्या पोताची, काळजी लागली आहे. 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हटलं की पूर्वी माणसं खजील व्हायची. अंगण ऑर्डर देऊन, वेटिंग लिस्टमध्ये नाव घालून, अनुक्रमांकासकट घडवून घेता येतं हे त्या बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं.

या खरेदीत सगळ्यात मोठी अडचण कानांची. कानांना किंमत वाचता येत नाही, खोक्यावरची सही दिसत नाही आणि जगात असे फक्त थोडेच नग आहेत याचंही त्यांना काही वाटत नाही. असल्या अडाणी अवयवावर एवढा मोठा निर्णय सोपवू नये. पेडल डोळ्यांनी निवडावं, कानांना मागाहून कळवावं.

आधी खोकं बघा. ओतीव ॲल्युमिनियमचं हे खोकं बहुतेक सगळे कारागीर तयारच विकत आणतात, त्यामुळे कला सगळी रंगात. रंग एखाद्या कोपऱ्यात ओघळला असेल तर लगेच घ्या. कारखान्यातल्या पेडलचा रंग ओघळला तर माल परत जातो, इथे त्याचेच चार पैसे जास्त पडतात. नॉबवर ड्राइव्ह, टोन, लेव्हल असं सरळ लिहिलेलं असेल तर पुढे चला, तो नुसता डबा आहे. नॉबची नावं 'काळोख', 'भरती', 'प्राक्तन' अशी हवीत. प्राक्तन पूर्ण उजवीकडे फिरवलं की आवाज मोठा होतो.

मागचे चार स्क्रू मात्र काढू नका. काढलेच तर काय दिसेल ते आधीच सांगून ठेवतो, नंतर धक्का नको. बोर्डावर नखाएवढी, आठ पायांची काळी चिप. तिच्या शेजारी केशरी काचेचे दोन इवलेसे डायोड, एकेका टोकाला काळी पट्टी, एकाचं तोंड इकडे आणि दुसऱ्याचं तिकडे. चिप गिटारचा सिग्नल वाढवते आणि डायोड त्याचे शेंडे खुडतात, एक वरचे आणि दुसरा खालचे. आवाज जरा फाटतो, आणि झालं ओव्हरड्राइव्ह. जवळच 4.7 किलोओहमचा रेझिस्टर आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिसला, तर ओळखा की घरातलं जुनं माणूस भेटलं. ही जोडी साधारण 720 हर्ट्‌झच्या खालच्या आवाजाला फारसं वर चढू देत नाही. म्हणून खर्ज आवरलेला राहतो आणि मधला आवाज नाक वर करून पुढे येतो. 1979 साली आलेल्या इबानेझ कंपनीच्या ट्यूब स्क्रीमर टीएस 808 या पेडलचं हे सर्किट. आज हाताने बनवलेल्या ओव्हरड्राइव्ह पेडलांचं जे पीक आलंय, त्यातल्या कितीतरींचा मूळपुरुष हाच. कोणी कपॅसिटर बदलतो, कोणी डायोड बदलतो, कोणी नुसतंच नाव बदलतो.

आता टीएस 808 आणि त्याच्यानंतर आलेलं टीएस 9 यांतला फरक. तो ठळक फरक म्हणजे बाहेर पडण्याच्या टप्प्यावरचे दोन रेझिस्टर. आठशे आठमध्ये 100 ओहम आणि 10 किलोओहम, नऊमध्ये 470 ओहम आणि 100 किलोओहम. या दोन रेझिस्टरांवर माणसांनी तारुण्य घालवलं आहे. तुम्हीही घालवा. 'नऊमध्ये हवा आहे, पण आठशे आठमध्ये जीव आहे,' एवढं वाक्य पाठ करून ठेवा. समोरच्याने खोदून विचारलं तर डोळे मिटून मान हलवा. आणि जेआरसी 4558 या चिपचं नाव घेताना आवाज थोडा खाली आणा. ती त्या काळी साध्यासुध्या ऑडिओ उपकरणांतही सर्रास बसवली जायची, हे सांगण्याची गरज नाही.

चिपवरचा नंबर पॉलिश पेपरने घासून टाकलेला असेल, तर ते पेडल उत्तम. त्याहून उत्तम म्हणजे आख्खं सर्किट काळ्या इपॉक्सीच्या, म्हणजे दगडासारख्या घट्ट होणाऱ्या डिंकाच्या, गोळ्यात गाडलेलं. दिसत नाही म्हणजे काहीतरी आहेच. या पंथाचं आद्यपीठ म्हणजे क्लॉन सेंटॉर हे ओव्हरड्राइव्ह पेडल. बिल फिनेगन यांनी 1994 मध्ये ते बाजारात आणलं आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे 8,000 नग स्वतः जुळवून विकले. आतलं सर्किट इपॉक्सीखाली झाकलेलं. लोकांनी तो थर खरवडून आराखडा काढलाच. आत निघालं एक चांगलं, विचारपूर्वक केलेलं ओव्हरड्राइव्ह. खरडल्याची भरपाई होईल असं त्यात काहीच नव्हतं, पण तोवर भाव आकाशाला टेकले होते आणि भक्तांना आराखडा नकोच होता. गंमत म्हणजे फिनेगन यांनी नंतर काढलेल्या केटीआर या पेडलवर चक्क छापूनच टाकलं की, या वस्तूभोवती माजलेलं हास्यास्पद अवडंबर ही माझी करणी नव्हे, एवढं कृपया ध्यानात ठेवा. बनवणाराच हात जोडून सांगतोय. तुम्ही ती ओळ वाचावी, त्यांचा विनय पाहून भारावून जावं आणि आणखी एक घ्यावं.

ओव्हरड्राइव्हला कंटाळलात की फझकडे, म्हणजे त्याहून फाटक्या, घरघरत्या आवाजाकडे, वळा. इथे जर्मेनियमच्या जुन्या ट्रान्झिस्टरांचं राज्य आहे. 1966 मध्ये आलेला आर्बिटर कंपनीचा फझ फेस, तोच तो गोल डबा, जिमी हेंड्रिक्सच्या पायाखालचा. त्याच्या सर्किटमध्ये 2 ट्रान्झिस्टर, 4 रेझिस्टर, 3 कपॅसिटर आणि 2 फिरते नॉब, मिळून 11 भाग. एवढ्याशा जिनसांवर जेवढं लिहिलं गेलंय तेवढं अणुभट्टीवरही लिहिलं गेलं नसेल. जर्मेनियम ट्रान्झिस्टर मोठे लहरी. एकाच खोक्यातले दोन घेतले तरी गुण जुळत नाहीत, आणि हवा तापली की त्यांच्यातली विजेची गळती वाढते, बायस (म्हणजे ट्रान्झिस्टरची बसवलेली घडी) सरकतो आणि सकाळी गाणारं पेडल संध्याकाळी स्टेजच्या दिव्यांखाली घसा बसल्यासारखं करतं. म्हणून मोजून-पारखून जोड्या लावणारा कारागीर असेल, तर त्याच्या मेहनतीचे पैसे वाजवी आहेत, हे इथे गुपचूप कबूल करून टाकतो. पण हे काम मीटरने होतं. तुम्ही 'मीटरने निवडलेले' असं लिहिलेलं पेडल घेऊ नका, त्यात कसलं आलंय काव्य? 'कानाने निवडलेले' असंच हवं. कान दुसऱ्याचे असले की चालतात.

फझचा इतिहास मात्र फार उगाळू नका, अंगलट येतो. 1961 च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत ग्रेडी मार्टिन बेस गिटार वाजवत होता आणि मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला. जी घोगरी घरघर आली ती लोकांना आवडली, इंजिनिअरने तिची नक्कल करणारं सर्किट जुळवलं आणि 1962 मध्ये तेच मेस्ट्रो फझ-टोन म्हणून विकायला आलं. म्हणजे तुम्ही ज्याच्यासाठी महिनोन्‌महिने रांगेत उभे आहात, तो मुळात एक नादुरुस्त चॅनल. दोन वर्षांनी किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर आपल्या लहानशा अँपच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. हातकाम म्हणाल तर ते. त्याला अनुक्रमांक नव्हता आणि वेटिंग लिस्टही नव्हती.

बॅटरीचंही शास्त्र आहे. जुन्या फझला नवी अल्कलाइन बॅटरी लावणं हा अपराध. साधी कार्बन-झिंकची, तीही मरायला टेकलेली हवी, कारण तिचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, व्होल्टेज ढासळतं आणि आवाज ढेपाळतो. या ढेपाळण्याला सच्चेपणा म्हणतात. मेलेली बॅटरी सांभाळणं जमत नसेल तर काळजी नको. चालू बॅटरीला मेलेली भासवणारा नॉब असलेले पॉवर सप्लायही मिळतात.

मग ट्रू बायपास. पेडल बंद असताना सिग्नल सरळ तारेतून जावा, मध्ये कशालाही शिवू नये, असा हा सोवळा विचार. खोक्यावर हे दोन शब्द नसतील तर हात लावू नका. आता असं करा की दहा सोवळी पेडलं ओळीने मांडा आणि दोन्ही टोकांना लांबलचक केबल जोडा. गिटारच्या केबलला दर मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. गिटारच्या तारांखालच्या, त्यांची थरथर टिपणाऱ्या साध्या पिकअपला तेवढी केबल ओढताना धाप लागते आणि वरचा झणका जातो. आवाज कांबळं पांघरल्यासारखा येऊ लागला की घाबरू नका, हाताने बनवलेला बुटीक बफर, म्हणजे सिग्नलला लांब केबल ओढायचं बळ देणारं सर्किट, घ्या. बॉस कंपनीच्या साध्या कारखानी पेडलमध्ये बफर असतोच, आणि त्याचे वेगळे पैसे कोणी मागत नाही, पण ते पेडल तुम्ही मागच्याच महिन्यात 'टोन खातंय' म्हणून विकलंत. बफर आला की तो फझच्या आधी ठेवू नका, फझ फेसच्या जातीचे लोक रुसतात. त्यांना गिटारचा पिकअप थेट हवा असतो, मध्यस्थ चालत नाही. मग पेडलं मांडलेला सगळा बोर्ड उपसा आणि पुन्हा मांडा. यात रविवार बरा जातो, आणि त्या दिवशी वाजवावं लागत नाही.

कोणी म्हणेल, एकदा तुलना करून तर बघ. बघा की! फक्त नवीन पेडलचा लेव्हल नॉब जुन्यापेक्षा किंचित पुढे ठेवा. आवाज वाढला की खर्ज आणि वरचे सूर कानाला जास्त भरतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून ठेवलंय. तेव्हा मोठं ते चांगलं वाटणारच. त्याला 'खोली' म्हणा, 'त्रिमिती' म्हणा, 'पडदा बाजूला झाला' म्हणा. पण दोन्हींचा आवाज अगदी समान करून, तुमची पाठ फिरवून, कुठलं चालू आहे ते ओळख, असं कोणी म्हणालं तर त्या माणसाचा नंबर फोनमधून काढून टाका. असल्या माणसांची नंतर ड्रमरशी मैत्री होते.

ड्रमरवरून आठवलं, पेडल घरीच ठेवा. बँडमध्ये नेलंत की झांज, बास आणि गायक मिळून तुमची सगळी त्रिमिती गिळून टाकतात. वर गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्‌झच्या पुढचं फारसं काही सोडतच नाही, त्यामुळे 'काळोख' आणि 'भरती' यांतला तो रेशमी फरक वाटेतच संपतो. ऐकणाऱ्यांना एवढंच कळतं की गिटार सुरात आहे की नाही. त्यासाठी ट्यूनर पेडल असतं, पण ते कारखान्यात बनतं, त्यामुळे आपला विषय नाही.

तरीही पाहुणे येणारच. बोर्डाकडे बघून, खोक्यांवर हात फिरवून, कोणीतरी म्हणणारच, 'वाजव की काहीतरी.' अशा वेळी गडबडून जाऊ नका. खिडकीकडे बघा, उसासा टाका, 'आज उकाडा फार आहे, जर्मेनियम उठत नाही' एवढं सांगा आणि पॉवर सप्लायचा प्लग काढून घ्या.